रोजगारासाठी खर्च करायचा तर कोणावर: कामगारावर की कारखान्यावर?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: विकसनशील देशातल्या एका रोजगार कार्यक्रमासाठी ठरावीक निधी हाती आहे, तो तरुणांच्या कौशल्य प्रशिक्षणावर खर्च करावा, छोट्या व्यावसायिकांना भांडवल म्हणून द्यावा, की मोठ्या कारखान्यांना सवलतींच्या रूपाने द्यावा? त्याला जोडूनच आपण विचारले आहे की, एकीकडे एवढी बेरोजगारी असताना कारखानदार ‘माणसेच मिळत नाहीत’ अशी तक्रार का करतात. उद्योगांच्या पाहण्या करणे आणि रोजगार योजनांचे मूल्यमापन करणे हे माझे वीसेक वर्षांचे काम आहे. त्या अनुभवावरून मी उलट्या क्रमाने उत्तर देतो, कारण निधी कुठे घालावा हे कारखानदाराची तक्रार नीट समजून घेतल्याशिवाय ठरवता येत नाही.

आधी बेरोजगारीच्या दराबद्दल. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या व्याख्येप्रमाणे पाहणीच्या आठवड्यात ज्याने मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी एक तासभर जरी काम केले, तो रोजगारात धरला जातो. ज्या देशात बेकारभत्ता नाही आणि घरात शिल्लक नाही, तिथे माणूस रिकामा बसूच शकत नाही. तो काहीतरी विकतो, ओझी वाहतो, भावाच्या शेतात राबतो, आणि आकड्यांच्या हिशेबी कामाला लागलेला असतो. त्यामुळे गरीब देशांत बेरोजगारीचा दर श्रीमंत देशांपेक्षा बहुधा कमीच निघतो, आणि जो निघतो त्यात शिकलेल्या तरुणांचा भरणा असतो, कारण चांगल्या नोकरीची वाट पाहत थांबणे त्यांच्याच घरांना परवडते. श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगातले सुमारे २ अब्ज लोक, म्हणजे काम करणाऱ्यांपैकी ६१ टक्के, अनौपचारिक रोजगारात, म्हणजे कायद्याचे किंवा सामाजिक सुरक्षेचे संरक्षण नसलेल्या कामात होते. आपला कार्यक्रम ज्यांच्यासाठी आहे ते लोक बहुतांशी या आकड्यात सापडतील, बेरोजगारीच्या दरात नाही.

आर्थर लुईस यांनी १९५४ मध्ये मांडलेली कल्पना अशी की, पारंपरिक क्षेत्रात गरजेपेक्षा जास्त हात गुंतलेले असतात आणि त्यांतले काही काढून घेतले तरी तिथले उत्पादन फारसे घटत नाही. यावर पुढे अर्धे शतक वाद झाला. अलीकडे ओडिशातल्या ६० गावांत एमिली ब्रेझा, सुप्रीत कौर आणि योगिता शमदासानी यांनी हे प्रत्यक्ष करून पाहिले. त्यांनी काही गावांतल्या पुरुष मजुरांपैकी जवळपास पाव भाग महिनाभरासाठी गावाबाहेरच्या कामावर नेला आणि मागे राहिलेल्यांचे काय होते याची नोंद ठेवली. कामाच्या हंगामात गावातली मजुरी वाढली, जसे कोणत्याही बाजारात व्हायला हवे. मंदीच्या महिन्यांत मात्र मजुरी जागची हलली नाही आणि गावातला एकूण रोजगारही घटला नाही. गेलेल्यांची जागा मागे राहिलेल्यांनी भरून काढली, आणि त्यांतले कित्येक त्याआधी ‘स्वतःचा धंदा’ करणारे म्हणून मोजले जात होते. म्हणजे हा धंदा बऱ्याचदा नोकरी न मिळालेल्या माणसाचा आडोसा असतो. त्याला उद्योजक म्हणून कर्ज देण्यापूर्वी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

हात मोकळे आहेत, तर मग कारखानदार खोटे बोलतो का? नाही. त्याचे म्हणणे त्याच्या जागी खरे आहे, फक्त तो शब्द चुकीचा वापरतो. माणसे मिळतात, टिकत नाहीत. पाहणीला गेल्यावर मालकाची मुलाखत घेण्याआधी हजेरीपट पाहायला मागायचा, ही सवय मला फार उशिरा लागली. त्या वहीत जे दिसते ते कुणी तोंडाने सांगत नाही. पहिली दहा-बारा नावे शाईने लिहिलेली, वर्षानुवर्षे तीच. त्याखाली पेन्सिलीने लिहिलेली, खोडलेली, त्याच ओळीवर पुन्हा लिहिलेली नावे. जानेवारीच्या पानावरची निम्मी नावे जूनच्या पानावर नसतात. कारकुनाला विचारावे तर तो म्हणतो, पगार झाला की दुसऱ्या दिवशी चार जण कमी. खालची नावे पेन्सिलीने का लिहिता, असे मी एकाला विचारले, तेव्हा त्याला त्या प्रश्नाचेच नवल वाटले.

इथिओपियात क्रिस्टोफर ब्लॅटमन आणि स्टेफान डर्कन यांनी हेच मोठ्या प्रमाणावर मोजले. पाच कंपन्यांकडे आलेल्या सुमारे १००० अर्जदारांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकून नोकरी दिली गेली, काहींना सुमारे ३०० डॉलर आणि धंद्याचे प्रशिक्षण दिले गेले, आणि उरलेल्यांना काहीच नाही. नोकरी मिळालेल्यांपैकी एक तृतीयांश लोकांनी पहिल्याच महिन्यात ती सोडली. वर्ष संपेपर्यंत ७७ टक्के निघून गेले होते. कारण साधे होते. कारखान्यात मिळणारे पैसे बाहेरच्या फुटकळ कामांपेक्षा जास्त नव्हते, आणि धूर, रसायने, लांबलचक पाळ्या यांमुळे तब्येतीच्या तक्रारी मात्र वाढल्या. अर्जदारांच्या दृष्टीने ती अडीनडीला धरायची आणि बरे काही मिळताच सोडायची जागा होती. रोख रकमेच्या गटाची कमाई वर्षभरानंतर सुमारे एक तृतीयांशाने जास्त दिसली, तेव्हा अनेकांनी ‘कारखान्यापेक्षा अनुदान बरे’ असा निष्कर्ष काढला. पण पाच वर्षांनी तेच लोक पुन्हा शोधून काढले तेव्हा तिन्ही गट जवळपास एका पातळीवर आले होते. एका वर्षाचे मूल्यमापन हाती घेऊन योजना देशभर नेणाऱ्यांनी हा दुसरा अहवाल आधी वाचावा.

अशी ये-जा ही एखाद्या देशाची खासियत नाही. अनेक देशांच्या श्रमपाहण्या एकत्र ठेवून केलेल्या अभ्यासात असे दिसते की, गरीब देशांत नोकरी सोडण्या-धरण्याचे प्रमाण श्रीमंत देशांच्या दुप्पट-तिप्पट असते. याचा परिणाम कारखान्याच्या आत होतो. शिकवलेला माणूस तीन महिन्यांत जाणार असेल तर मालक शिकवत नाही. शिकवले नाही म्हणून तो माणूस कायम हलक्या कामावर राहतो. हलक्या कामाला वाढीव पगार नाही, म्हणून तो जातो. या फेऱ्यात दोघेही आपापल्या परीने शहाणपणानेच वागत असतात, म्हणून केवळ उपदेशाने तो सुटत नाही.

आता प्रशिक्षणाकडे वळतो, कारण बहुतेक सरकारांचा पहिला हात तिकडेच जातो. इमारत दाखवता येते, प्रमाणपत्र वाटपाचा समारंभ होतो आणि ‘इतक्या लाख तरुणांना कौशल्य’ असे म्हणता येते. डेव्हिड मॅकेन्झी यांनी विकसनशील देशांतल्या अशा कार्यक्रमांच्या काटेकोर चाचण्यांचा २०१७ मध्ये आढावा घेतला, तेव्हा सरासरी परिणाम असा निघाला की, प्रशिक्षण दिलेल्या शंभर जणांपैकी दोन-तीन जणांना जी नोकरी एरवी मिळाली नसती ती मिळाली. उरलेल्या सत्त्याण्णवांपैकी अनेकांना नोकरी लागते, पण ती तशीही लागलीच असती. प्रशिक्षण संस्था नेमके त्यांना आपल्या खात्यावर मांडतात. जॉर्डनमध्ये पदविका घेतलेल्या तरुणींसाठी मालकांना पगाराचे व्हाउचर देऊन पाहिले गेले. व्हाउचर चालू होते तोवर नोकऱ्या भरपूर वाढल्या. मुदत संपल्यावर परिणाम जवळजवळ पुसला गेला. सोबत दिलेल्या ‘सॉफ्ट स्किल्स’च्या वर्गाचा नोकरीवर काहीच परिणाम दिसला नाही.

याचा अर्थ कामगाराच्या बाजूने करण्यासारखे काही नाही असा नाही, पण जे आहे ते स्वस्त आणि नेमके आहे. दक्षिण आफ्रिकेत नोकरी शोधणाऱ्या तरुणांची गणित, आकलन, चिकाटी अशा गुणांवर चाचणी घेऊन निकालाचा विश्वसनीय कागद त्यांच्या हाती दिला, तेव्हा काही महिन्यांतच त्यांचा रोजगार सुमारे ५ टक्के-बिंदूंनी (म्हणजे शंभरात पाच जणांनी) वाढला आणि कमाईही वाढली. नवीन कौशल्य एकही शिकवले नव्हते. मालकाला समोरचा माणूस कसा आहे हे कळत नव्हते, आणि बऱ्याच मुलांनाही आपण कशात बरे आहोत हे ठाऊक नव्हते. युगांडातही प्रशिक्षणाचा फायदा दीर्घकाळ टिकला तो ज्यांच्याकडे दुसऱ्या मालकाला दाखवता येईल असे प्रमाणपत्र होते त्यांना. एकाच कारखान्यात उमेदवारी केलेल्यांना तिथून बाहेर पडल्यावर आपले शिक्षण सिद्ध करता येत नव्हते. निधीतला छोटा वाटा यासाठी जरूर राखावा. मोठा वाटा नव्हे.

मोठा वाटा कुठे, याचे उत्तर शोधताना मी उद्योगांच्या आकाराकडे पाहतो. चांग-ताई शिए आणि पीटर क्लेनो यांनी तीन देशांच्या कारखान्यांचे वय आणि कामगारसंख्या शेजारी मांडली. अमेरिकेत ४० वर्षे टिकलेला कारखाना पाच वर्षांच्या आतल्या कारखान्यापेक्षा सरासरी सातपटींहून जास्त माणसे कामाला ठेवतो. भारत आणि मेक्सिकोत तेवढ्याच वयाचा कारखाना जेमतेम दुप्पट होतो. त्याच दोघांनी २००९ मध्ये असाही हिशेब मांडला होता की, भारतात भांडवल आणि मजूर अमेरिकेइतक्या प्रमाणात योग्य कारखान्यांकडे वळले, तर उत्पादन क्षेत्राची उत्पादकता ४० ते ६० टक्क्यांनी वाढेल, आणि चीनमध्ये ३० ते ५० टक्क्यांनी. या दुसऱ्या आकड्यांच्या पद्धतीवर अर्थशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले आहेत आणि त्यांतले काही मला पटतात. मोजमापातल्या चुकाही त्यात ‘अपव्यय’ म्हणून गणल्या जाऊ शकतात. पहिले निरीक्षण मात्र मी डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींशी तंतोतंत जुळते. तीस वर्षांपूर्वी चाळीस माणसांनी सुरू झालेला कारखाना आजही पन्नास माणसांवर चालतो. मालकाकडे पैसा आहे, नवे घर आहे, दुसऱ्या गावी जमीन आहे. कारखाना तेवढाच आहे.

का? इथे थोडे थांबतो, कारण माझ्या मते साऱ्या प्रश्नाची गाठ इथे आहे.

मुंबईच्या उत्तरेला तारापूर आणि उंबरगाव परिसरातल्या कापड गिरण्यांवर निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग या विषयात काम करणाऱ्या सर्वांना माहीत आहे. १७ कंपन्या, २८ कारखाने. त्यांतल्या काहींना व्यावसायिक सल्लागार काही महिने फुकट पुरवले आणि ३८ साध्या व्यवस्थापन पद्धती अमलात आणायला मदत केली. पद्धती म्हणजे काय, तर गोदामातल्या सुताच्या पिशव्यांवर रंग, जाडी आणि तारीख लिहिणे. मागाची देखभाल तो बंद पडल्यावर नव्हे तर ठरल्या दिवशी करणे. कापडातला दोष कोणत्या मागावर आणि कोणत्या पाळीत आला हे लिहून ठेवणे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर दहा मिनिटे बोलणे. त्याआधी सूत ढिगाने पडलेले असायचे, जुने खाली, नवे वर. लागणारा रंग सापडला नाही की पुन्हा खरेदी व्हायची आणि खालचे सूत दमटपणाने खराब व्हायचे. कामगारांचा जवळपास पाचवा हिस्सा विणून झालेल्या कापडातले दोष शोधून दुरुस्त करण्यात गुंतलेला होता. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली, आणि तीन वर्षांच्या आत या कंपन्यांनी इतरांपेक्षा जास्त नवे कारखाने उघडले.

साहजिकच प्रश्न पडतो की, एवढ्या साध्या गोष्टी त्यांनी आधीच का केल्या नाहीत. काहींना त्या माहीत नव्हत्या. काहींना वाटत होते की आपल्या धंद्यात त्या चालत नाहीत, आपली गुणवत्ता इतरांच्या मानाने बरी आहे. पण त्या अभ्यासातले मला सर्वांत बोलके वाटणारे निरीक्षण वेगळेच आहे: कंपनीचा आकार व्यवस्थापनाच्या दर्जापेक्षा मालकाच्या कुटुंबात किती पुरुष आहेत याच्याशी अधिक जुळत होता. दोन भाऊ असतील तर दोन कारखाने, तिसरा मुलगा हाताशी आला तर तिसरा. बाहेरच्या व्यवस्थापकाला खरेदीचे, उधारीचे, नेमणुकीचे अधिकार द्यायला मालक धजत नाही, कारण सूत चोरीला गेले किंवा खोटी बिले लागली, तर न्यायालयात दाद मागून निकाल लागेपर्यंत धंदा बुडालेला असतो. नातेवाईक फसवत नाही असे नाही. पण त्याला निदान घरात धरता येते. यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे, जिच्याबद्दल मालक हसून विषय बदलतात: मुलींना या हिशेबात धरलेच जात नाही.

चांगले चालणारे कारखाने वाढत नाहीत तेव्हा वाईट चालणारेही बंद पडत नाहीत, कारण त्यांना ढकलून बाहेर काढणारा कुणी नसतो. मजूर मग दोन्हीकडे सारखेच विखुरलेले राहतात आणि सर्वत्र पगार सारखाच कमी असतो. ‘नोकऱ्या नाहीत’ या तक्रारीचा बराचसा भाग असा आहे.

आठ-नऊ वर्षांनी संशोधक त्याच गिरण्यांत परत गेले. शिकवलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या सोडून दिलेल्या होत्या, बहुतेक ठिकाणी व्यवस्थापक बदलल्यामुळे किंवा मालकाचे लक्ष दुसरीकडे गेल्यामुळे. तरीही प्रयोगातल्या आणि बाहेरच्या गिरण्यांमधला फरक शिल्लक होता. मला हा निकाल निराश करणारा वाटत नाही. उलट माणसांच्या बाबतीत इतपत टिकणे पुष्कळ आहे. अडचण खर्चाची आहे. एका कारखान्यावर बाजारभावाने अडीच लाख डॉलरच्या घरात जाणारा सल्ला कोणतेही सरकार हजारो कारखान्यांना देऊ शकत नाही. कोलंबियात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांना लहान गटांत एकत्र बसवून तोच सल्ला दिला गेला. परिणाम स्वतंत्र सल्ल्याच्या तोडीचे आले आणि खर्च साधारण एक तृतीयांश. एकाच व्यवसायातले लोक एका खोलीत बसून आपापली आकडेवारी उघड करतील यावर माझा आधी विश्वास नव्हता. प्रत्यक्षात ती खोली चालवणारा माणूस कोण यावर सारे अवलंबून असते. शाळामास्तराच्या सुरात बोलणारा सल्लागार आला की तिसऱ्या बैठकीपासून मालक येणे बंद करतात आणि त्यांचे हिशेबनीस येऊ लागतात.

पद्धत मालकाला पटली म्हणून ती कारखान्यात उतरते असेही नाही. पाकिस्तानातल्या सियालकोट शहरात हाताने शिवलेले फुटबॉल बनवणाऱ्यांना संशोधकांनी नवा साचा फुकट दिला. फुटबॉलला २० षट्कोनी आणि १२ पंचकोनी तुकडे लागतात. या साच्याने रेक्झिनच्या (कृत्रिम चामड्याच्या) एका तुकड्यातून जास्त पंचकोन निघत, म्हणजे माल वाया जाणे कमी. पंधरा महिन्यांनंतर तो फारच थोड्यांनी वापरला होता. कारण कापणाऱ्या कारागिराला नगावर मजुरी मिळते. नवा साचा सुरुवातीला हाताला बसत नाही, काम मंदावते आणि तोटा कारागिराचा होतो. वाचलेल्या रेक्झिनचा फायदा मात्र मालकाच्या खिशात जातो. मग कारागिराने मालकाला ‘हे चालत नाही’ असे सांगितले तर त्यात नवल ते काय? संशोधकांनी पुढे काही ठिकाणी एक अट घातली: कारागिराने नवा साचा नीट चालवून दाखवला तर त्याला एका महिन्याच्या कमाईएवढी रक्कम एकदाच मिळेल. तेवढ्याने वापर लक्षणीय वाढला. यंत्रखरेदीवर अनुदान देणाऱ्या प्रत्येक खात्याने ही गोष्ट भिंतीवर लावावी असे मला वाटते. यंत्रावर चाळीस टक्के सूट मिळते, आणि ते चालवणाऱ्याची मजुरी जुन्याच दराने ठरते; वर्षभराने यंत्रावर कापड झाकलेले असते. असे झाकलेले यंत्र मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे.

छोट्या व्यावसायिकांच्या भांडवलाविषयी माझे मत मिश्र आहे. श्रीलंकेत अगदी लहान धंद्यांना १०,००० किंवा २०,००० रुपये अनुदान देऊन पाहिले, तेव्हा त्या भांडवलावर महिन्याला सुमारे ५ टक्के परतावा निघाला, जो बँकेच्या व्याजदराच्या कितीतरी वर आहे. म्हणजे पैशाची अडचण खरी आहे. मात्र स्त्रियांच्या धंद्यांत सरासरी परतावा दिसला नाही, आणि त्यावरून ‘स्त्रियांना देऊन उपयोग नाही’ असे म्हणणारे महाभाग मी ऐकले आहेत. पुढच्या अभ्यासांतून समोर आले की, अनेक घरांत तिला दिलेला पैसा नवऱ्याच्या धंद्यात गुंतवला जातो आणि परतावा तिथे दिसतो. आपल्या प्रश्नापुरते महत्त्वाचे एवढेच की, अशा अनुदानाने मालकाचे घर नीट चालते, पण सहसा दुसऱ्याला नोकरी मिळत नाही. गरिबी कमी करणे हा उद्देश असेल तर जरूर द्यावे. ते रोजगारनिर्मितीच्या खात्यावर लिहू नये.

नोकरी देणारे छोटे धंदे असतात, पण ते हजारांतून निवडावे लागतात. नायजेरियाने २०११ मध्ये तरुणांसाठी व्यवसाय आराखड्यांची स्पर्धा घेतली. सुमारे २४,००० अर्ज आले आणि साधारण १,२०० जणांना सरासरी ५०,००० डॉलर मिळाले. अंतिम निवडीत बराचसा भाग चिठ्ठीने ठरल्यामुळे तुलना विश्वासार्ह आहे. विजेत्यांच्या उद्योगात दहा किंवा अधिक कामगार असण्याची शक्यता इतरांपेक्षा २० टक्के-बिंदूंहून जास्त वाढली, आणि हा फरक काही वर्षे टिकला. रक्कम मोठी होती हे विसरू नये. तोच पैसा २४,००० जणांत वाटला असता तर प्रत्येकाला अडीच हजार डॉलर गेले असते आणि बहुधा कुणीच दहा माणसे ठेवली नसती. राजकीयदृष्ट्या असे वाटप सोपे असते, म्हणून तेच होते.

नोंदणी मोहिमांबद्दल दोनच वाक्ये. श्रीलंकेतच अनौपचारिक धंद्यांना नोंदणीची माहिती आणि फी देऊन पाहिली तर परिणाम शून्य. दोन महिन्यांच्या नफ्याएवढी रोख दिली तेव्हा निम्म्यांनी नोंदणी केली. मालकाला नोंदणीचे भय नसते, त्याला तिचा उपयोग दिसत नसतो.

कामगार कायद्यांचा मुद्दा आपण विचारलेला नाही, पण तो निघतोच. भारतात १९७६ च्या दुरुस्तीने ३०० कामगारांवरच्या कारखान्यांना कपातीसाठी सरकारी परवानगी आवश्यक झाली, १९८२ च्या दुरुस्तीने ती मर्यादा १०० वर आली आणि २०२० च्या संहितेत पुन्हा ३०० केली गेली. अशा मर्यादेपाशी मालक थबकतात हे खरे आहे. पण पन्नास माणसांवर तीस वर्षे अडकलेला कारखाना त्या कायद्यामुळे अडकलेला नसतो, आणि मोठे कारखाने कंत्राटी कामगार ठेवून मर्यादेला वळसा घालतात. कायदा सोपा आणि अंमलबजावणीस योग्य असावा. केवळ तो सैल केल्याने रोजगार फुलेल ही अपेक्षा मला अनुभवाने मान्य नाही.

याहून मोठे वजन मागणीचे आहे. अमेरिकेशी २००१ मध्ये लागू झालेल्या व्यापार करारानंतर व्हिएतनामच्या मालावरचे अमेरिकेतले आयातशुल्क एकदम उतरले, आणि तिथल्या ज्या उद्योगांच्या मालावर ते जास्त उतरले तिथे लोक घरगुती धंदे सोडून नोंदणीकृत कारखान्यांत जास्त प्रमाणात गेले. इजिप्तमधल्या फुवा गावी हातमागावर गालिचे विणणाऱ्यांना परदेशी खरेदीदारांच्या ऑर्डर मिळवून दिल्या, तेव्हा त्यांचा नफा १६ ते २६ टक्क्यांनी वाढला. शिवाय खरेदीदाराच्या तक्रारी ऐकत ऐकत कोपरे सरळ येणे, वजन नेमके येणे या गोष्टी ते शिकले. ते कसब कोणत्याही वर्गात शिकवता आले नसते.

तेव्हा निधीबद्दल. माझ्या हाती असता तर मी त्यातला मोठा भाग साधारण १० ते १०० माणसांच्या, निदान पाच वर्षे टिकलेल्या उद्योगांना गटसल्ला आणि ऑर्डरपर्यंत पोचण्याची मदत देण्यावर लावला असता. मेक्सिकोच्या प्युब्ला राज्यात अशा आकाराच्या आणि त्याहून लहान उद्योगांना वर्षभर सल्लागार दिला, तेव्हा पाच वर्षांनीही त्यांच्याकडे सुमारे ५० टक्के जास्त माणसे कामाला होती. एक भाग स्पर्धेतून निवडलेल्या थोड्या नव्या धंद्यांना मोठ्या रकमांच्या रूपाने गेला असता, आणि लहान भाग कौशल्यचाचणी व प्रमाणपत्रांवर. मोठ्या कारखान्यांच्या करसवलतींना मी काहीच ठेवले नसते. जे येणारच होते त्यांना येण्याबद्दल पैसे देण्यात अर्थ नाही.

उद्योग निवडताना ताळेबंदावर फार विसंबू नये, कारण तो बँकेसाठी वेगळा आणि करखात्यासाठी वेगळा असतो. मी तीन गोष्टी पाहतो. हजेरीपटातली शाईची नावे किती आणि ती गेल्या दोन वर्षांत वाढली का. हातात असलेल्या ऑर्डरी किती आठवड्यांच्या आहेत आणि किती परत पाठवाव्या लागल्या. आणि मालकाला एक प्रश्न: तुम्ही उद्यापासून पंधरा दिवस आजारी पडलात, तर पगाराच्या दिवशी सही कोण करेल? जो लगेच एखाद्या सुपरवायझरचे किंवा हिशेबनिसाचे नाव घेतो, त्याला यादीत वर ठेवावे. जो ‘मी आजारी पडत नाही’ म्हणतो, त्याच्याकडे सल्लागार पाठवण्याआधी महिनाभर थांबून पाहावे. एकदा प्रश्न विचारताच मालकाने दाराकडे पाहिले आणि चहा घेऊन आलेल्या आपल्या मुलीला म्हणाला, ‘ही करते, मागच्या वर्षीही हिनेच केली.’ कंपनीच्या कागदपत्रांत तिचे नाव कुठेही नव्हते. तो कारखाना आम्ही घेतला.